दुसऱ्या देशातल्या अन्यायाविरुद्ध आपण कायदा करावा का? दक्षिण आफ्रिकेचा अनुभव

उत्तरवारा

परदेशातल्या मानवी हक्कांचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक, ‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे.’ दुसरं, ‘निर्बंधांनी काही होत नाही, गरिबांचेच हाल होतात.’ मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण दक्षिण आफ्रिका. तिथल्या वर्णभेदाविरुद्ध जगाने जवळपास अर्धं शतक मुत्सद्देगिरी आणि कायदा अशी दोन्ही हत्यारं वापरून पाहिली. सुरुवात भारताने केली होती. आपल्याकडे हे आता फारसं कुणाला आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने नाताळ आणि ट्रान्सवाल या प्रांतांतल्या भारतीयांनी जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे, यावर बंधनं घालणारा कायदा केला. तिथले लोक त्याला ‘घेट्टो कायदा’ म्हणत. तिथल्या भारतीयांचे नेते डॉ. युसुफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांनी जूनमध्ये डर्बनला सत्याग्रह सुरू केला. उम्बिलो रोड आणि गेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, गोऱ्यांसाठी राखीव ठरलेल्या मोकळ्या जागेत, तंबू ठोकून माणसं बसली. गोरी टोळकी रात्री येऊन तंबू फाडायची, मारहाण करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तंबू उभे राहायचे. सुमारे दोन हजार माणसं तुरुंगात गेली.

तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात राष्ट्रकुल संबंधांचं खातं नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होतं. त्यांचं पुढचं राजकारण मला मान्य नाही. पण दक्षिण आफ्रिकेबाबत त्यांनी जो हट्ट धरला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मार्च १९४६ मध्ये व्यापार करार मोडल्याची नोटीस गेली, जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार गेली आणि जुलैमध्ये व्यापार बंद झाला. भारताच्या निर्यातीतला सुमारे पाच टक्के हिस्सा तेव्हा दक्षिण आफ्रिकेला जात होता. त्यात तागाची पोती मोठ्या प्रमाणावर होती. तिथला मका आणि गहू त्याच पोत्यांत भरला जाई. स्वतःच्या खिशाला चाट लावून घेणारा हा निर्णय होता, आणि तो घेतला तेव्हा देश स्वतंत्रसुद्धा नव्हता.

न्यूयॉर्कला विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळ घेऊन गेल्या. (त्यांचे पती रणजित पंडित मूळचे आपल्या कोकणातले, बांबुळीचे.) सोबत न्या. छागला होते. समोर स्मट्स स्वतः. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात ज्यांचा हात होता, तेच आता सनदेच्या कलम २(७) चा आधार घेऊन ‘हा आमचा अंतर्गत मामला’ म्हणत होते. ८ डिसेंबर १९४६ ला ठराव मंजूर झाला: बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७.

आता चाळीस वर्षं पुढे. १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सर्वंकष निर्बंधांचा कायदा केला. खासदार रॉन डेलम्स १९७२ पासून असं विधेयक मांडत होते. अध्यक्ष रेगन यांनी व्हेटो वापरला. हाउसने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो मोडून काढला. सिनेटमध्ये तेव्हा बहुमत रेगन यांच्याच पक्षाचं होतं, हे लक्षात घ्या. नवी गुंतवणूक बंद. कोळसा, लोखंड, पोलाद, युरेनियम, कापड, शेतमाल यांची आयात बंद. साउथ आफ्रिकन एअरवेजला अमेरिकेत उतरायला बंदी.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यातलं कलम ३११. निर्बंध कधी उठतील ते तिथे लिहून ठेवलं होतं. मंडेला आणि राजकीय कैद्यांची सुटका, आणीबाणी उठवणं, पक्षांवरची बंदी काढणं, वंशानुसार नोंदणीचे आणि वस्त्या वेगळ्या ठेवण्याचे कायदे रद्द करणं, कृष्णवर्णीयांच्या खऱ्या प्रतिनिधींशी बोलणी सुरू करणं. पाचपैकी पहिली अट सक्तीची, उरलेल्या चारांतल्या तीन पुऱ्या झाल्या की अध्यक्ष निर्बंध उठवू शकतील. फेब्रुवारी १९९० ते जून १९९१ या काळात डी क्लर्क सरकारने कोणती पावलं उचलली ते पाहिलं, तर ही यादी शेजारी ठेवून वाचता येते.

माझं म्हणणं इतकंच: बाहेरच्या देशाचा कायदा कामाला येतो तो दोन गोष्टी असतील तरच. अन्याय सोसणाऱ्यांनी स्वतः तो मागितलेला असला पाहिजे, आणि सुटकेची वाट त्यात अक्षरशः लिहिलेली असली पाहिजे. नुसती निषेधाची पत्रकं काढून कुठलंच सरकार हलत नाही.

मांडवीकर

लेख आवडला, पण एक उदाहरण तुम्ही सोडलंत, आणि ते आमच्या घरातलं आहे. भारताने गोव्याचीही आर्थिक नाकेबंदी केली होती. १९५५ च्या सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली, त्यानंतर सीमा बंद, रेल्वे बंद. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नमला का? नाही. हॉलंडहून बटाटे आले, सिलोनहून चहा आला, जपानहून सिमेंट आलं. दाबोळीचा विमानतळ त्याच काळात उभा राहिला आणि पोर्तुगिजांनी गोव्यासाठी वेगळी विमान कंपनीही काढली. खनिजाची निर्यात तर वाढतच गेली.

झळ कुणाला बसली? ज्यांच्या घरचा कमावता माणूस मुंबईला होता त्यांना. माझी आजी सांगायची, मुंबईहून येणारे पैसे अडकले की दुकानदाराची उधारी थकायची आणि सणाला नवीन कपडा नसायचा. परवान्याशिवाय ये-जा नाही, कुणी गेलं तरी कळवायला वेळ लागे. शेवटी १९६१ ला सैन्यच आणावं लागलं. म्हणून ‘गरिबांचे हाल होतात’ हे उत्तर इतक्या सहज बाजूला सारू नका.

उत्तरवारा

मांडवीकर, तुमच्या आजीने सोसलं ते मी नाकारत नाही. पण फरक पाहा. गोव्याची नाकेबंदी एकट्या भारताने केली आणि समुद्र पूर्ण मोकळा होता. सालाझारला लिस्बनमध्ये निवडणुकीची भीती नव्हती, नाटोमधले मित्र पाठीशी होते. आणि ‘अमुक केलंत तर नाकेबंदी उठवू’ असा मधला टप्पाच नव्हता. मागणी एकच, सोडून जा. तडजोडीला जागा नसलेल्या मागणीसाठी निर्बंध हे फार तोकडं साधन आहे.

नानासाहेब ठाणे

उत्तरवारा, तुमचा अभ्यास चांगला आहे, पण एका बाजूला झुकलाय असं वाटतं. मी चाळीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे माझं लक्ष आधी पैशाकडे जातं. १९८६ च्या कायद्याच्या वर्षभर आधी, जुलै १९८५ मध्ये, चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेची अल्पमुदतीची कर्जं पुढे ढकलायला नकार दिला. एकीने हात आखडला की बाकीच्या थांबत नाहीत. त्या देशावर सुमारे २४ अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त अल्पमुदतीचं. ऑगस्टमध्ये तिथले अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी डर्बनला भाषण केलं. जग सुधारणांच्या घोषणेची वाट पाहत होतं आणि त्यांनी उलट दम भरला. तिथलं चलन, रँड, कोसळलं. सप्टेंबरमध्ये सरकारला परतफेडच थांबवावी लागली.

बँकेने हे माणुसकीपोटी केलं नाही. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये रोज दंगे होत होते, आणीबाणी लागली होती, कर्ज बुडण्याची भीती होती. म्हणजे खरा दाब आतल्या लोकांनी रस्त्यावर उतरून आणला, त्यावर बाजार घाबरला, आणि कायदा मागाहून आला. शिवाय अमेरिकी कंपन्या निघाल्या तेव्हा जागा भरून काढणारे होतेच. १९८७ मध्ये जपान दक्षिण आफ्रिकेचा सर्वात मोठा व्यापारी भागीदार झाला होता.

दुसरं उदाहरण सोव्हिएत ज्यूंचं. १९६८ च्या सुमाराला वर्षाकाठी काही शे लोकांना देश सोडू देत. पडद्यामागे बोलणी होत गेली आणि १९७३ पर्यंत तो आकडा ३५ हजारांच्या आसपास गेला. मग अमेरिकी कायद्यात जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती आली: स्थलांतर मोकळं करा, नाहीतर व्यापाराची सवलत नाही. मॉस्कोने जानेवारी १९७५ मध्ये व्यापार करारच झिडकारला आणि त्या वर्षी बाहेर पडणारे १३ हजारांवर आले. गाजावाजा केला की समोरचा हटून बसतो. शांतपणे बोललं तर त्याला आपल्या लोकांसमोर मान राखून मागे फिरता येतं.

शर्वरी केपटाऊन

मी केपटाऊनला नऊ-दहा वर्षं राहतेय, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथल्या आपल्या माणसांबद्दल लिहावंसं वाटलं.

केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून यांचे पणजोबा-खापरपणजोबा आले. किराणा दुकानं, फळांच्या गाड्या, छोटे धंदे. आमच्या शेजारच्या आजी घरी अजून कोकणी शब्द वापरतात. मला पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी ‘बस, चाय घे’ म्हटलं तेव्हा मला क्षणभर काही सुचलंच नाही. त्यांचं लहानपण डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये गेलं. ११ फेब्रुवारी १९६६ ला तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसांना तिथून उठवलं. घरं बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. तिथली बरीच जमीन आजही रिकामी दिसते.

मी त्यांना निर्बंधांबद्दल मुद्दाम विचारलं. त्यांचे भाऊ कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होते. अमेरिकेची ऑर्डर बंद झाली, पाळ्या कमी झाल्या, पुढे काम गेलं. घरात दोन वर्षं ओढाताण होती. ‘मग राग नाही आला?’ असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, आमचं घर पाडलं तेव्हा काम होतं ना हाताशी, काय उपयोग झाला त्याचा? त्या एवढंच बोलल्या आणि विषय बदलला.

नानांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. इथेही सगळे एकमताचे नव्हते. हेलन सुझमन संसदेत वर्षानुवर्षं एकट्या वर्णभेदाविरुद्ध लढल्या, पण निर्बंधांना त्यांचा विरोध होता. काळ्या कामगारांचीच रोजी जाईल असं त्यांना वाटे. पण आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ल्युथुलींनी १९५० च्या दशकाच्या शेवटी बहिष्कार मागितला, बिशप टुटूंनी मागितला, कोसाटू या कामगार संघटनेने पाठिंबा दिला. ज्यांची रोजी जाणार होती त्यांच्या संघटनेनेच हे म्हटलं, याला वजन आहे.

उत्तरवारा

शर्वरीताई, मनापासून आभार. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं.

नाना, बँकांचा मुद्दा मान्य. आतल्या लढ्याशिवाय बाहेरचा कायदा पांगळा असतो. पण बँक घाबरून गेली तशी शांतता दिसताच परतही येते. कायद्याने नेमकं तेच अवघड केलं: ठरलेल्या अटी पुऱ्या होईपर्यंत नवी गुंतवणूक नाही म्हणजे नाही.

आता शांत बोलणी. रेगन सरकारने पाच-सहा वर्षं तेच केलं, ‘विधायक सहभाग’ या नावाने. चेस्टर क्रॉकर त्याचे कर्ते. नामिबियाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटीत त्यांच्या चिकाटीचा पुढे उपयोग झाला, हे मी मान्य करतो. पण खुद्द दक्षिण आफ्रिकेत त्याच काळात वस्त्यांमध्ये लष्कर शिरलं. राष्ट्रकुलानेही १९८६ मध्ये मान्यवरांचा गट पाठवला होता. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख ओबासान्जो त्याचे अध्यक्ष, आपले स्वर्णसिंग त्यात होते. ते तुरुंगात मंडेलांना भेटले, सरकारशी बोलले, तडजोडीचा मसुदाही तयार झाला. आणि मे महिन्यात गट तिथे असतानाच बोथा सरकारने झांबिया, झिंबाब्वे, बोट्स्वाना या तीन शेजारी देशांवर हल्ले केले. गट सामान आवरून परत आला. बोलण्यामागे काहीच किंमत नसली की असं होतं.

जॅक्सन-व्हॅनिकबद्दल: १९७९ मध्ये तोच आकडा ५१ हजारांवर गेला, आणि तेव्हा कायदा जागेवरच होता. म्हणजे कायद्याने दार कायमचं बंद झालं नाही. दोन महासत्तांचे संबंध सुधारले की दार उघडायचं, बिघडले की मिटायचं. आणि तो कायदा करा असं खुल्या पत्राने अमेरिकी काँग्रेसला कुणी सांगितलं? सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी, सप्टेंबर १९७३ मध्ये, मॉस्कोत राहून. त्या माणसाने काय धोका पत्करला असेल याचा विचार करा.

वाळूघड्याळ

आतल्यांनी मागितलं पाहिजे या मुद्द्याला पूर्ण सहमत, आणि न मागता कायदा केला की काय होतं त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे.

१९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक मांडलं. हेतूबद्दल शंका नाही. बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखानदारांनी धसका घेतला आणि हजारो मुलांना, बहुतेक मुलीच, रातोरात कामावरून काढून टाकलं. पन्नास हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. विधेयक पासही झालं नव्हतं! त्या मुली शाळेत गेल्या नाहीत. शाळेत जाण्यासारखी घरची स्थिती असती तर कारखान्यात आल्याच कशाला असत्या? नंतर युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लोकांनी शोध घेतला तेव्हा काही जणी खडी फोडताना सापडल्या, काही रस्त्यावर फेरी करताना, काहींच्या वाट्याला याहून वाईट आलं.

४ जुलै १९९५ ला कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात ढाक्याला करार झाला. शाळा निघाल्याशिवाय मुलांना काढायचं नाही, शाळेत गेल्यास महिना ३०० टका, आणि जागा रिकामी झाली तर त्याच घरातल्या मोठ्या माणसाला प्राधान्य. हा करार मला मूळ विधेयकापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो, कारण मुलीच्या घरात पैसे कुठून येतात हे त्यात पाहिलं होतं. पण त्या आधीच्या दोन-तीन वर्षांत ज्या मुली हरवल्या त्यांचं काय? मी बालहक्कांच्या कामात आहे, आणि असा कुठलाही कायदा वाचताना माझा पहिला प्रश्न तोच असतो: उद्या सकाळी सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाचं काय होणार?

सूतकताई

मी इचलकरंजीला सुताच्या आणि कापडाच्या निर्यातीचं काम पाहते. या विषयाचा आमच्या रोजच्या कामाशी संबंध आहे म्हणून लिहिते.

चीनच्या शिनजियांगमध्ये उइघुरांकडून सक्तीने काम करून घेतलं जातं, यावर अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा केला. जून २०२२ पासून तो लागू झाला. त्यातली मेख अशी की, शिनजियांगचा कुठलाही माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं आधी गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्याची. तो जबाबदारी खाली ढकलतो आणि ती ढकलत ढकलत आमच्यापर्यंत येते.

म्हणजे काय करावं लागतं? कापूस कुठून आला ते दाखवायचं. जिनिंगची बिलं, गाठींचे लॉट नंबर, सूतगिरणीत कोणत्या गाठी कोणत्या दिवशी मिक्सिंगला गेल्या त्याचा रेकॉर्ड, मग सुताच्या पेट्या, मग यंत्रमागावर कुठलं बीम. एक कागद कमी पडला तर माल तिकडे बंदरात अडकतो. आमचा कापूस इथलाच, विदर्भ-मराठवाड्यातला किंवा गुजरातचा, तरी दाखवावंच लागतं. लहान यंत्रमागवाल्याला हे जमत नाही. तो जॉबवर काम करतो, दोन-तीन ठिकाणचं सूत एकत्र येतं, वही असली तर असते. त्याचं काम मग मोठ्या मिलकडे जातं.

तरीही मी या कायद्याच्या बाजूने आहे. कापसाच्या बोंडामागे कोण राबलं हे विचारायची सवय या धंद्याला कधी नव्हती, ती लागतेय. फक्त उत्तरवारांच्या दुसऱ्या कसोटीवर हा कायदा मला कमी पडताना दिसतो. चीनने नेमकं काय केलं म्हणजे बंदी उठेल, याची पायरीपायरीची यादी त्यात नाही. बीजिंगच्या दृष्टीने मग बदलण्याचं कारणच काय राहतं? ते दुसरं गिऱ्हाईक शोधतात.

मांडवीकर

सूतकताई, प्रतिसाद फार मोलाचा. लहान माणसाकडे कागद नसतो, हे दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये बसून कायदे लिहिणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मला वाटतं म्हणूनच हल्ली व्यक्तींवरचे निर्बंध पुढे आले. सर्गेई मॅग्निट्स्की हा मॉस्कोतला कर सल्लागार. सरकारी अधिकाऱ्यांनी केलेली मोठी लबाडी त्याने उघड केली, मग त्यालाच अटक झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तो कोठडीत मेला. २०१२ मध्ये अमेरिकेने त्याच्या नावाने कायदा केला: जबाबदार अधिकाऱ्यांना व्हिसा नाही, अमेरिकेतली त्यांची मालमत्ता गोठवायची. नाना म्हणतात ती जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती रशियापुरती त्याच कायद्याने रद्द झाली. यात कामगाराची भाकर जात नाही. ज्याने केलं त्याचं बँक खातं जातं.

पण पुतिन सरकारने उत्तर काय दिलं? अमेरिकी जोडप्यांनी रशियातली अनाथ मुलं दत्तक घेण्यावर बंदी. त्यात आजारी, अपंग मुलं होती, काहींची नव्या आईवडिलांशी भेटही झालेली होती. ही बातमी वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ सुन्न होतो. समोरचा इतका निर्दय असेल तर कायदा करणाऱ्याने त्याचाही हिशेब आधीच मांडायला हवा.

नानासाहेब ठाणे

चर्चा चांगली चाललीय. पण मूळ प्रश्न अजून कुणी विचारला नाही, म्हणून मी विचारतो. आपण काय करतो?

१९४६ ला आपण जगाला सांगितलं की कलम २(७) ची ढाल चालणार नाही. आज अमेरिकेचं परराष्ट्र खातं मानवी हक्कांचा वार्षिक अहवाल काढतं, त्यात आपल्यावर काही लिहिलं की आपण तीच ढाल पुढे करतो. श्रीलंकेत यादवी युद्धाच्या शेवटी तमिळ नागरिक मारले गेले. २०१२ आणि २०१३ मध्ये जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत, आपण श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, २०१४ मध्ये तटस्थ राहिलो, २०२१ आणि २०२२ मध्येही तटस्थ. चीनची बंदरं तिथे उभी राहतायत, ही अडचण मला कळते. म्यानमारचंही तसंच, ईशान्येतल्या बंडखोरांचा प्रश्न आहे, सीमा लागून आहे. शेजाऱ्याशी कडक वागणं आणि समुद्रापलीकडच्या देशाशी कडक वागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्या जुन्या पासपोर्टवर छापलेलं होतं की तो दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकासाठी वैध नाही. तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. १९७४ ला डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत आपण पोहोचलो आणि समोर दक्षिण आफ्रिका म्हणून खेळलोच नाही. अमृतराज बंधू ऐन भरात होते, कप हातात येण्यासारखा होता. चाळीत हळहळ झाली, पण निर्णय चुकला असं म्हणणारा मला तरी कुणी भेटला नाही. आज तसा त्याग आपण कुणासाठी करू का?

उत्तरवारा

नाना, प्रश्न टोचणारा आहे, आणि टोचायलाच हवा.

तेव्हाही आपले हात अगदी स्वच्छ नव्हते. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद होता, पण तिथल्या डी बिअर्स कंपनीचे कच्चे हिरे लंडनमार्गे मुंबई-सुरतेत येतच राहिले आणि त्यावर लाखोंचं पोट चालत होतं. तरीही १९४६ ते १९९३ इतका काळ एक धोरण टिकलं, सरकारं बदलली तरी टिकलं. त्याचं एक कारण असं की आपण तिथल्या लोकांचं ऐकत होतो. १९४६ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डॉ. झूमा स्वतः न्यूयॉर्कला आले होते. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी समितीचं काम ई. एस. रेड्डी यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, ते आपलेच.

निर्बंध उठवतानाही हेच दिसलं. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जुलै १९९१ मध्ये अटी पुऱ्या झाल्या म्हणून निर्बंध उठवले, तेव्हा मंडेलांच्या पक्षाने हरकत घेतली; कैदी अजून आत होते, मताचा हक्क मिळाला नव्हता. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आणि शहरांनी आपापले निर्बंध तसेच ठेवले. २४ सप्टेंबर १९९३ ला मंडेलांनी संयुक्त राष्ट्रांत उभं राहून ‘आता उठवा’ म्हटलं, मग ते उठले. आपणही त्याच वर्षी उठवले. कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं, दोन्ही त्यांनीच सांगितलं.

वाळूघड्याळ

मग भारताने आज असा कायदा करायचा झाला तर तो कसा असावा? यावर बोलू या. आपल्याकडे १९४७ चा संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायदा आहे, पण तो सुरक्षा परिषदेने ठरवलेले उपाय अमलात आणण्यापुरता. विदेश व्यापार कायदा १९९२ नुसार सरकार अधिसूचना काढून आयात-निर्यात बंद करू शकतं. म्हणजे अधिकार आहे, पण तो पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर. संसदेत चर्चा नाही, अटी नाहीत, कधी उठणार ते नाही.

मला हवा आहे तो छोटा कायदा. ज्या देशावर निर्बंध घालायचे त्याच्या अटी संसदेसमोर ठेवायच्या. त्या देशातल्या पीडितांचं म्हणणं परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीने ऐकायचं. आणि लहान कामगारांना, लहान उत्पादकांना झळ बसली तर ती कशी भरून काढायची, हेही त्यातच लिहायचं. ढाक्याच्या करारात जे नंतर आलं ते आधी यावं.

सूतकताई

माझी एक भर. कागदपत्रांचा खर्च सरकारने उचलावा, निदान लहान यंत्रमागवाल्यापुरता. नाहीतर माणुसकीच्या कायद्याचा फायदा फक्त मोठ्या मिलला.

नानासाहेब ठाणे

वाळूघड्याळ, तुमचा मसुदा मला आवडला, तरी माझा आक्षेप कायम आहे. संसदेत अटी छापून ठेवल्या की शेजारी देशाशी बोलायला परराष्ट्र सचिवाकडे काय उरतं? कोलंबोला किंवा म्यानमारच्या राजधानीत, नेपिडोला, गुपचूप जाऊन चार कैदी सोडवून आणायची सोय राहिली पाहिजे.

वाळूघड्याळ

राहील ना, नाना. १९८६ च्या कायद्यातही सचिवांना बोलायला कुणी मनाई केली नव्हती. फक्त त्यांनी परत येऊन संसदेला सांगायचं: इतके कैदी सुटले, इतके राहिले, नावं ही.

शर्वरी केपटाऊन

हा सगळा धागा मी शेजारच्या आजींना जमेल तसा सांगितला. त्यांनी एकच विचारलं: भारताने तेव्हा केलं ते तिथल्या भारतीयांसाठी होतं की सगळ्यांसाठी? मी सांगितलं की सुरुवात भारतीयांसाठी झाली, पण दादू-नायकरांनी मार्च १९४७ मध्ये डॉ. झूमांशी हातमिळवणी केली, आणि १९५२ पासून भारताने संयुक्त राष्ट्रांत संपूर्ण वर्णभेदाचाच प्रश्न लावून धरला. वाळूघड्याळ, तुमच्या मसुद्यात हेही घाला. आपल्या वंशाची, आपल्या धर्माची माणसं असतील तरच कायदा लागू, अशी पळवाट राहता कामा नये.

वाळूघड्याळ

घालते. शनिवारपर्यंत कच्चा मसुदा इथेच टाकते, कलमवार. नाना, कैद्यांच्या यादीचं कलम तुम्ही लिहा.